कयाकमध्ये बसून फ्लाय फिशिंग: उद्यमनगरातल्या एका लेथवाल्याचा हिशेब

कयाकमध्ये, म्हणजे एकट्यानं वल्हवायच्या छोट्या होडीत बसून फ्लायनं, म्हणजे गळावर बांधलेल्या पिसं-दोऱ्याच्या नकली आमिषानं, मासा धरायला लांब फेक लागत नाही, एवढी साधी गोष्ट कळायला माझे दोन उन्हाळे गेले. ते दोन उन्हाळे मी 60-70 फुटांच्या फेकीच्या मागं लागलो होतो. का, तर व्हिडिओतले लोक तेवढं फेकतात. पण ते उभे असतात, काठावर किंवा गुडघाभर पाण्यात. आपण बसलोय पाण्यापासनं वीतभर उंचीवर. आणि मुळात होडी घेतली कशाला? माशाजवळ जायला. ते काम वल्ह्याचं आहे, दोरीचं नाही. 30-35 फूट नीट आणि बिनआवाजाची पडली की पुरे. खाली सामान म्हणून आणि पद्धत म्हणून जे सांगतोय, ते सगळं याच हिशेबानं.

माझं कोल्हापुरात शिवाजी उद्यमनगरात लेथचं दुकान आहे. लहानपणी पंचगंगेच्या घाटावर बांबूची काठी आणि डबाभर गांडुळं, एवढंच माझं मासेमारीतलं शिक्षण. त्यामुळं महागाची वस्तू दिसली की 'ही आपल्याला करता येईल का' हे आधी डोक्यात येतं. काही गोष्टी जमल्या, काही फसल्या. दोन्ही सांगतो.

गोफण आणि आसूड

साध्या गळाला वजन असतं ते आमिषाचं नाहीतर शिशाचं. ती गोफण झाली. धोंडा पुढं जातो, दोरी त्याच्या मागनं. फ्लायला वजनच नसतं. चार पिसं, वीतभर दोरा आणि एक गळ. इथं वजन आहे ते प्लास्टिकचा लेप दिलेल्या जाड लाइनीत, आणि ती आसुडासारखी उलगडत जाते, फ्लायला मागनं ओढून नेते. हे एकदा डोक्यात बसलं की निम्मं काम झालं.

म्हणूनच रॉडवरचा नंबर हा खरं तर लाइनीच्या वजनाचा नंबर. लाइनीच्या पहिल्या 30 फुटांचं वजन धरतात. 6 नंबरला 160 ग्रेन, 8 नंबरला 210 ग्रेन. ग्रेन काय आपल्या अंगवळणी नाही, म्हणून मी 8 नंबरची लाइन गुजरीतल्या सराफ मित्राकडं नेऊन तिचे पहिले 30 फूट सोन्याच्या काट्यावर ठेवले. साडेतेरा ग्रॅमच्या आसपास भरले. तो म्हणाला, "सव्वा तोळा पाण्यात फेकायला चाललाय होय?"

आपल्याकडच्या चिलापीला (तिलापियाला) 6 नंबर भरपूर होतो. मरळ धरायची, पॉपर (पाण्यावर तरंगून आवाज करणाऱ्या फ्लाय) फेकायचे आणि वारंही सोसायचं तर 8. एकच रॉड घेणार असाल तर 8 घ्या. चिलापीला तो जरा दांडगा पडतो, पण दुपारच्या वाऱ्यात 6 नंबर हातात धरून शिव्या देण्यापेक्षा ते बरं. लांबी 9 फूट, चार तुकड्यांचा. लाइन तरंगणारी आणि पुढच्या अंगाला वजन गोळा केलेली घ्या. तिचं वजन लवकर रॉडवर येतं, दोन झुलव्यांत (हवेत मागंपुढं फिरवून) सोडता येते. मी तर 8 च्या रॉडवर 9 ची लाइन लावतो. जवळच फेकायचं असल्यावर थोडी जड लाइन रॉडला लवकर वाकवते.

रीळवर पैसे घालू नका. आपल्या तलावातल्या माशांसाठी रीळ म्हणजे लाइन गुंडाळून ठेवायची जागा, बस्स. खाली 50 मीटर विणलेला 20 पौंडी दोरा भरा आणि विसरून जा.

लीडर मात्र लक्ष देऊन बांधा. लीडर म्हणजे जाड लाइन आणि फ्लाय यांच्यामधला पारदर्शक धागा. पुस्तकी माप 9 फूट आहे. कयाकमध्ये मी साडेसातच्या वर जात नाही, कारण मासा जवळ आला की लीडरची गाठ रॉडच्या टोकाच्या कडीत अडकते आणि मासा हातभर लांब राहतो, ना इकडं ना तिकडं. गळाच्या दुकानात मिळणारा साधा नायलॉन चालतो: 0.45 मिलिमीटरचा 4 फूट, 0.35 चा 2 फूट, शेवटी 0.28 चा दीड फूट. मरळीला दात असतात, तिच्यासाठी शेवटचा तुकडा 0.40 चा ठेवा. गाठी थुंकीनं ओल्या करून आवळा. कोरडी गाठ घासून गरम होते आणि ऐन वेळी दगा देते.

होडी

माझी कयाक साडेदहा फुटी, 32 इंच रुंद, वर बसायची. म्हणजे आत पाय घालायचं भोक नाही, वरनं सपाट. सेकंडहँड घेतली. वजन 28 किलो, त्यामुळं एकट्यानं गाडीच्या टपावर चढवता येते. खाली जुनी सोलापुरी चादर घडी घालून टाकतो, वरनं दोन रॅचेटचे पट्टे, आणि नाक वेगळ्या दोरीनं बंपरला. नाक बांधायचा कंटाळा करू नका, हायवेवर वारं खालनं शिरलं की पट्टे वाजायला लागतात. 30 इंचांपेक्षा अरुंद कयाक वेगात जाते, पण तिच्यात मागं वळून काही घ्यायचं म्हटलं तरी पोटात गोळा येतो.

आता खरी गोष्ट. फ्लायवाल्याचा शत्रू वारा नाही, मासा नाही, तर पायाशी पडलेली लाइन. हातानं ओढून घेतलेली वीस-पंचवीस फूट लाइन मांडीवर, पायाशी पडते आणि जे काही वर आलेलं असेल त्याला जाऊन गुंडाळते: पाय टेकायची खुंटी, रबरी दोऱ्या, बाटली, चपलेचा अंगठा. पाण्यावर जायच्या आधी कयाकवर हात फिरवा. जिथं जिथं बोट अडकेल तिथं तिथं लाइन अडकणार. काढता येईल ते काढा, उरलेल्यावर चिकटपट्टी मारा. रॉड ठेवायच्या नळ्या पाठीमागं न्या.

आणि वर एक पंचा. ओला करून मांडीवर पसरायचा, पायाच्या खुंट्या झाकायच्या. ओल्या कापडावर लाइन चिकटून बसते, वाऱ्यानं उडत नाही. दुसरा उपाय म्हणजे प्लास्टिकचं घमेलं. त्याच्या तळाला भोकं पाडून दहा-बारा केबल टाय उभे खोचा, शेंडे वर. लाइन त्यांच्यात पडते आणि गुंता होत नाही. महागड्या टोपल्या विकत मिळतात, पण त्यांच्यात याहून वेगळं काही नाही.

आवाजाचंही तसंच. प्लास्टिकची पोकळ होडी म्हणजे पाण्यावर पालथा ठेवलेला ढोल. वल्हं आपटलं, डबा सरकला, की चिलापीचा थवा गेलाच. जुनी योगा मॅट कापून डेकवर चिकटवा. वल्हं मांडीवर ठेवायच्या जागीसुद्धा एक तुकडा.

नांगर म्हणून मी किराणा दुकानातलं जुनं 2 किलोचं लोखंडी माप वापरतो. गाळात आणि खडीत दोन्हीकडं बसतं, आकड्यांच्या नांगरासारखं बुडालेल्या झाडाच्या फांदीत रुतत नाही. दोरी पाण्याच्या खोलीच्या तिप्पट तरी पाहिजे. आणि नांगर कुशीतनं कधी सोडायचा नाही, नाकातनं किंवा शेपटीतनंच. यासाठी नाकापासनं शेपटीपर्यंत एका बाजूला दोरीचं वेटोळं, दोन्ही टोकांना कप्पी आणि दोरीत एक कडी. नांगराची दोरी कडीतनं ओवायची आणि वेटोळं ओढून कडी हवी तिथं न्यायची. कप्प्या मी नायलॉनच्या रॉडमधनं लेथवर काढल्या, दोन तासांचं काम. या कडीचा खरा फायदा वेगळाच: ती थोडी मागंपुढं केली की होडीचं तोंड वाऱ्यात वळतं. फेकताना ते किती लागतं ते पुढं सांगतो. वाहत्या नदीत मात्र नांगरच टाकू नका. अडकला आणि प्रवाह वाढला तर होडी उलटी करून सोडेल. शांत पाण्यातसुद्धा नांगराची दोरी एका झटक्यात सुटेल अशी बांधा, जवळ चाकू ठेवा.

लाइफ जॅकेट घातलेलं पाहिजे, मागं बांधलेलं नव्हे. फ्लायवाल्यांसाठी पाठीला उंच फुगा आणि बाह्यांना मोकळीक असलेलं मिळतं, ते बरं. वल्ह्याला दोरी, रॉडला दोरी, चिमट्याला दोरी. हे मी शहाणपणानं नाही, एका जानेवारीत पाण्यात पडून शिकलो. उभं राहून मरळ दिसते का बघत होतो. मरळ दिसली, मीही दिसलो तिला, आणि दोघं एकदमच पाण्यात. रॉड बांधलेला होता, वाचला. फ्लायचा डबा आणि चिमटा अजून त्या तलावाच्या तळाशी आहेत. 34 इंचांच्या खाली रुंदी असेल तर उभं राहायचा मोह सोडा.

पडल्यावर परत चढायची तालीम रॉड न घेता आधी करून ठेवा, छातीभर पाण्यात. होडी पालथी असेल तर खालनं पलीकडची कड धरून उलटवा. मग कुशीला येऊन पाय मागं सोडून पोहल्यासारखे मारा, पोटावर होडीत आडवे पडा, मग कुशीवर वळून बुड सीटवर. उठून चढायला गेलात तर होडी परत अंगावर येणार. पहिल्या दिवशी मला सहा वेळा प्रयत्न करावा लागला.

फेक

आमच्या गल्लीत एक पैलवान आहे. मनगट बघाल तर माझ्या पोटरीएवढं. त्याच्या हातात रॉड दिला आणि त्यानं असा काही झोका दिला की लाइन त्याच्याच गळ्यात. फेक जोराची नाही, थांबण्याची आहे. रॉड हळू सुरू करायचा, वेग वाढवत न्यायचा आणि खटकन थांबवायचा. थांबला की रॉडची वाक सुटते आणि लाइन उलगडत निघते. मग ती पूर्ण सरळ होईपर्यंत वाट बघायची. या वाट बघण्यातच सगळे चुकतात.

उभ्या माणसाला सांगतात की रॉड घड्याळातल्या दहा आणि दोनच्या मधे हलवा. बसलेल्या माणसानं मागं दोनपर्यंत नेला तर लाइन पाठीमागं पाण्यावर आपटते. मागं बारा-साडेबारालाच थांबा, आणि लाइन मागं फेकतोय असं न समजता आकाशात वर फेकतोय असं समजा. झुलवे जास्तीत जास्त दोन. पाच-सहा झुलवे देणारा माणूस मासे नाही, कावळे घाबरवतो.

आता होडीच्या तोंडाचं. उभा माणूस पाय वळवतो, आपली कंबर सीटमध्ये अडकलेली. म्हणून वळवायची ती होडी. उजव्या हातानं फेकत असाल तर निशाण नाकाच्या थोडं डावीकडं ठेवा, घड्याळातल्या दहा-अकराच्या जागी. मग मागची लाइन उजव्या खांद्याच्या बाहेरनं जाते, डोक्यावरनं नाही. उजवीकडच्या निशाणाला वळून फेकायला गेलात तर गळ कानात. त्यासाठी टोपी, चष्मा, आणि प्रत्येक गळाचा उलटा काटा पकडीनं दाबून सपाट केलेला. हे माशासाठी आहे असं लोकांना सांगतो, पण खरं तर आधी माझ्या कानासाठी आहे.

मागं झाडी असेल किंवा वारं पाठीत असेल तर रोल कास्ट. लाइन पुढं पाण्यावर असू दे, रॉड सावकाश मागं कानापर्यंत आणा, लाइनीचा पोटासारखा झोल रॉडमागं लोंबू दे, क्षणभर थांबा आणि पुढं खटका द्या. मागं काही जातच नाही. कयाकमध्ये मी निम्म्याहून जास्त वेळा हीच फेकतो.

हे सगळं पाण्यावर शिकू नका. मोकळ्या मैदानावर पाट टाकून त्यावर मांडी न घालता पाय पुढं सोडून बसा, गळाऐवजी लोकरीचा तुकडा बांधा आणि अर्धा तास फेका. पोरं हसतात, चार दिवसांनी थांबतात.

फ्लाय पडली की रॉडचं टोक पाण्याला टेकवा, उजव्या हाताच्या बोटाखालनं लाइन घ्या आणि डाव्या हातानं ओढत राहा. वाऱ्यानं होडी फ्लायकडं सरकत असेल तर तुम्ही ओढताय तेवढी लाइन होडीच खाऊन टाकते, फ्लाय जागेवर मेल्यासारखी पडते. तेव्हा जास्त वेगानं ओढा, नाहीतर होडी आडवी करा. मासा लागला की रॉड वर उचलायची सवय सोडा. बसल्या जागी रॉडला वर जायला जागाच नसते. डाव्या हातानंच लाइन फाडकन ओढा, गळ रुतला की मग रॉड उचला.

मासा जवळ आल्यावर रॉड सरळ वर, डोक्यामागं नेऊ नका. माझ्या पहिल्या रॉडचं टोक असंच मोडलं, अर्ध्या किलोच्या माशावर. रॉड आडवा ठेवा, माशाच्या विरुद्ध बाजूला, आणि लांब दांड्याचं हातजाळं आधी पाण्यात बुडवून मासा त्याच्यावर आणा. मोठा मासा होडी ओढत नेऊ लागला तर नेऊ द्या, त्याचाच दम जातो.

फ्लाय आणि मासे

फ्लाय घरी बांधा, कोल्हापुरात सामानाला तोटा नाही. चिकनच्या दुकानात कोंबड्याच्या मानेची पिसं कुणी पैसे घेऊन देत नाही. धुऊन, सावलीत वाळवून, कापराच्या वडीबरोबर डब्यात ठेवा. बकऱ्याच्या शेपटीचे केस हरणाच्या केसांच्या जागी चालतात, जरा कमी तरंगतात. पॉपरसाठी जुन्या हवाई स्लिपरचं रबर गरम सळईनं भोक पाडून गळावर ओवा, पुढचं तोंड वाटीसारखं कोरा.

मला सगळ्यात उपयोगी पडलेली फ्लाय क्लाउझर मिनो. अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातल्या बॉब क्लाउझरनं 1980 च्या दशकात नदीतल्या बास माशासाठी बांधली. गळाच्या वर डंबेलसारखे जड डोळे, त्यामुळं गळ उलटा, टोक वर करून चालतो आणि तळात अडकत नाही. डोळे मी 5 मिलिमीटरच्या पितळी सळईतनं लेथवर काढतो, मधे खाच. पांढरे केस खाली, हिरवट वर. मात्र जड फ्लाय फेकताना झुलवा मोठा आणि सावकाश ठेवा, नाहीतर पितळ रॉडवर आपटून चिरा पाडतं.

सुरुवात चिलापीनं करा. हा परदेशी मासा 1952 मध्ये भारतात आणला आणि आता प्रत्येक डबक्यात आहे, धरून नेला तर कुणाचं नुकसान नाही. उथळ पाण्यात नर तळाला ताटलीसारखे खड्डे करून राखण करतो. 12 नंबरच्या गळावर तपकिरी लोकरीची बारीक अळी बांधा, खड्ड्याच्या पलीकडं टाका आणि इंच इंच ओढा.

मरळ केंदाळाच्या कडेला असते. ती हवा घ्यायला वर येते, तेव्हा पाण्यावर एक गोल उठतो. त्या गोलाच्या पुढं हातभर पॉपर टाका, थांबा, एकदा 'पुक' करा, परत थांबा. केंदाळात फेकणार असाल तर गळासमोर जाड नायलॉनची कमान बांधा. पाण्यावर लालसर पिल्लांचा पुंजका फिरताना दिसला तर त्याखाली आईबाप राखणीला असतात. ते लगेच अंगावर येतात, पण तिथं फ्लाय टाकू नका. ती पिल्लं त्यांच्याशिवाय जगत नाहीत.

वळवाच्या पहिल्या पावसानंतर वाळवीला पंख फुटून ती थव्यानं पाण्यावर पडते. त्या संध्याकाळी दुसरं काही चालत नाही. तपकिरी लोकर आणि पारदर्शक पिशवीच्या दोन लांब पट्ट्या, झाली वाळवी. नदीकाठच्या उंबराखाली लालसर लोकरीचा गोल गोळा चालतो, माशांना पडलेली उंबरं खायची सवय असते. खडस (महसीर) लागला तर पाण्यातच गळ काढून सोडा. लोणावळ्याजवळ टाटांच्या केंद्रात या माशाची पिल्लं 1970 च्या दशकापासून कष्टानं तयार करतात, आणि आपण तो कढईत घालायचा हे काही बरं नाही.

कुठं, कधी

माझ्या तलावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही, समजून घ्या. पण कुठं जाऊ नये ते सांगतो. राधानगरीला शाहू महाराजांच्या धरणाचं पाणी कितीही मोह घालो, भोवती दाजीपूरचं अभयारण्य आहे, तिथं कयाक आणि गळ घेऊन जायचं नाव काढू नका. इतर तलावांवर मासेमारीचा ठेका बहुधा मच्छीमार संस्थेकडं असतो. आधी जाऊन भेटा, चहा घ्या, विचारा. जाळी कुठं लावलीत तेही विचारा. मला एका मामांनी नुसती जागाच नाही, मरळीची वेळसुद्धा सांगितली.

कृष्णा-वारणेत मगरी आहेत, तिथं पाय पाण्यात सोडून बसायची होडी नकोच. पंचगंगेवर आणि तिच्या उपनद्यांवर कोल्हापूर पद्धतीचे बंधारे आहेत. बरगे (पाणी अडवायच्या फळ्या) घातलेले असताना वरच्या अंगाला पाणी तळ्यासारखं शांत दिसतं, पण बंधाऱ्यावरनं किंवा बरग्यांच्या फटीतनं पाणी जात असेल तर ते होडीला ओढून दाबून धरतं. 200 मीटर लांब राहा. जून ते सप्टेंबर सामान माळ्यावर ठेवा. पूर असतो, आणि माशांची विणही तेव्हाच.

ऑक्टोबर ते फेब्रुवारी पाणी निवळ. मार्चपासनं पहाटे साडेपाचला पाण्यावर आणि दहाच्या आत बाहेर, कारण त्यानंतर पश्चिमेचं वारं सुटतं. जाताना वाऱ्याच्या तोंडावर वल्हवा, म्हणजे दमल्यावर वारंच घरी आणतं. एप्रिल-मेमध्ये पश्चिमेला काळं दिसलं की ताबडतोब काठ गाठा. कार्बनच्या रॉडमधनं वीज जाते, आणि सपाट तलावावर सगळ्यात उंच तुम्हीच.

घरी आल्यावर लाइन कोमट साबणाच्या पाण्यातनं काढून मऊ कापडानं पुसा, नाहीतर मळानं ती बुडायला लागते. डास पळवायचं मलम लावलेला हात तिला लावू नका. त्यातला डीट नावाचा घटक लाइनीचा लेप विरघळवतो, माझी एक लाइन अशीच चिकट होऊन वाया गेली. कयाक सावलीत पालथी ठेवा. आणि मांडीवरचा पंचा त्याच दिवशी धुवा. तो एकदा रात्रभर गाडीत राहिला होता, तेव्हापासनं आमच्या घरात त्या गाडीनं लग्नाला जायला कुणी तयार नाही.